सोनं हुडकायची सहल

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



कार्यकर्ते घरी आले तेव्हा म्हणाले, "मास्तर, ऑस्ट्रेलियात जाऊन सोनं हुडकून आलात म्हणे. त्यावरच बोला." मी म्हटलं, अहो, मी भूगोलाचा मास्तर, सहलीला गेलो होतो. ते हसले. पण चपला घालता घालता त्यांच्यातल्या एकानं हळूच विचारलंच, "खरं सांगा, किती तोळं गावलं?"

त्याचं उत्तर देणार आहे, पण शेवटी. आधी सांगितलं तर निम्मे लोक उठून आरतीच्या तयारीला जातील.

आमच्या घरात सोनं हुडकायचं नाव काढायला बंदी होती, हे आधी सांगायला हवं. माझे थोरले चुलते चांगले कष्टाळू होते. मी तिसरी-चौथीत असताना कुठूनसा एक भगत आला आणि म्हणाला, तुमच्या बांधावरच्या वडाखाली सात रांजण आहेत. पहिल्या अमावास्येला कोंबडं आणि नारळ झाले. दुसऱ्या अमावास्येला खड्डा पुरुषभर खोल गेला. भगताची मागणी वाढत गेली आणि काकांनी भाताचं एक शेत गहाण टाकलं. आजोबा म्हणाले, आता पुरे. काका म्हणाले, "एवढं घातलंय, आता मागं कसं फिरायचं?" तिसऱ्या खेपेला खड्ड्याची कड ढासळली, आत उतरलेल्या गड्याचा पाय मोडला, भगत रातोरात पसार झाला. ते शेत काही परत आलं नाही. काका पुढं वीस वर्षं जगले, पण त्या बांधावरून कधी चालत गेले नाहीत. आजीनं तेव्हाच सांगून टाकलं, या घरात पुन्हा सोनं हुडकायचं नाव काढायचं नाही.

म्हणून मेलबर्नहून लेकीचा फोन आला, "बाबा, यंदा डिसेंबरात या. मोटरहोम भाड्यानं घेऊन आपण सगळे सोनं शोधायला जाऊ," तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. लेक तिथं सतरा वर्षं आहे. जावई शांत स्वभावाचे. नातू अकरा वर्षांचा. त्याच्या शाळेत तिथल्या सोन्याचा इतिहास शिकवला होता आणि त्यानं हट्ट धरला होता. हिनं मात्र लगेच होकार दिला. म्हणाली, "तुमच्या काकांनी अंधारात खणलं. ही पोरं उजेडात जाणार आहेत." मी गप्प बसलो.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुलंबाळं परदेशी आहेत. उद्या तुमच्यावरही असा प्रसंग येईल. म्हणून या सहलीची आखणी कशी केली ते जरा तपशिलानं सांगतो.

पहिला प्रश्न, कधी जायचं? तिकडं डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी हा उन्हाळा. शाळेला सुट्टी तेव्हाच. पण सोन्याच्या दृष्टीनं हा काही उत्तम काळ नव्हे. ओढे आटलेले असतात, ऊन चाळीस अंशांच्या घरात जातं, आणि वणव्याची भीती असते. तिथले मुरलेले शोधक थंडीत किंवा वसंतात जातात. आम्हाला सुट्टीशिवाय इलाज नव्हता, म्हणून लेकीनं नियम केला: पहाटे उजाडल्यापासून दहापर्यंतच काम, मग सावलीत विश्रांती, आणि जमलं तर संध्याकाळी तासभर.

दुसरा प्रश्न, गाडी कोणती? मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. झोपायला फळ्या, गॅसची शेगडी, फ्रीज, छोटंसं न्हाणीघर. हे पाहून हिला काय आठवलं असेल? सौंदत्तीची यल्लम्मा! आपल्याकडून यात्रेला बैलगाड्या निघायच्या. वर तट्ट्या, आत घोंगडी, पिठाचा डबा, चटणी, चुलीला लाकडं, आणि मागं बांधलेला वैरणीचा भारा. मुक्काम पडेल तिथं भाकरी. मोटरहोम म्हणजे तीच गाडी, फक्त बैल इंजिनातले.

फरक एवढाच की इथं सगळं मोजून घ्यावं लागतं. साडेचार टनांपर्यंतचं वाहन तिथं साध्या कारच्या परवान्यावर चालवता येतं, त्यामुळं जावयांना वेगळा परवाना लागला नाही. पण सामानाचं वजन त्या मर्यादेतच बसवायचं. पाण्याची टाकी शंभर लिटरची. पाच माणसं, तीन दिवस. पहिल्या दिवशी मी उचगावच्या सवयीनं आंघोळ केली आणि निम्मी टाकी संपवली. त्यानंतर मला बादली आणि तांब्या मिळाला. संडासाची पेटी वाटेल तिथं ओतता येत नाही, गावागावांत त्यासाठी ठरवलेल्या जागा असतात, त्या आधीच नकाशावर खुणा करून ठेवायच्या. आणि गाडी चालू असताना प्रत्येकानं पट्टा बांधून बसायचं. चालत्या गाडीत गरम चहा मिळेल ही माझी कल्पना पहिल्या दहा मिनिटांत मोडीत निघाली.

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, परवानगी. व्हिक्टोरिया राज्यात हौशी माणसालाही सोनं शोधायला सरकारी परवाना लागतो. त्याला 'मायनर्स राइट' म्हणतात, म्हणजे खाणकऱ्याचा हक्क. फी थोडी, मुदत दहा वर्षं. तो हातात आला की मोकळ्या सरकारी जमिनीवर शोधता येतं आणि सापडलेलं सोनं तुमचं. पण अटी ऐका. फक्त हातानं चालवायची अवजारं. खणायचं यंत्र नाही, सुरुंग नाही. खणलेला प्रत्येक खड्डा निघण्यापूर्वी बुजवायचा. राष्ट्रीय उद्यानांत थोड्या ठरवलेल्या जागा सोडल्या तर मनाई. खाजगी जमिनीवर मालकाची संमती हवी. तिथल्या मूळ रहिवाशांच्या वारशाच्या जागांना हात लावायचा नाही. लेक आणि जावई दोन संध्याकाळी सरकारी नकाशा उघडून बसले होते, कुठं चालतं आणि कुठं चालत नाही एवढंच बघायला. माझ्या मनात आलं, काकांनी अशा दोन संध्याकाळी घालवल्या असत्या तर!

या परवान्याला 'हक्क' का म्हणतात, त्याचा इतिहास आहे. १८५१ साली बॅलरॅटला सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं लोटली. सरकारनं प्रत्येक खणणाऱ्यावर महिन्याला तीस शिलिंगांची फी बसवली. सोनं सापडो न सापडो, फी द्यायचीच. शिपाई परवाने तपासत तंबूंतून फिरायचे. शेवटी लोक बिथरले. ३ डिसेंबर १८५४ ला पहाटे युरेका नावाच्या ठिकाणी, लाकडी कोट उभारून बसलेल्या खाणकऱ्यांवर सैन्य चालून गेलं. वीसहून अधिक खाणकरी आणि काही सैनिक मारले गेले. पुढच्याच वर्षी ती मासिक फी गेली आणि वर्षाला एक पौंड भरून मिळणारा हा हक्क आला. त्याच्याबरोबर मतदानाचा अधिकारही. नातवानं हे सगळं मला बॅलरॅटला उभं करून सांगितलं. मी बत्तीस वर्षं शिकवलं, पण त्या दिवशी विद्यार्थी मी होतो.

त्याच्या धड्यात दुसरी बाजूही होती. त्या भागातल्या मूळच्या जा जा वुरुंग लोकांच्या जमिनी, पाणवठे, शिकारीची रानं या धामधुमीत उद्ध्वस्त झाली. २०१३ मध्ये तिथल्या सरकारनं त्यांच्याशी करार करून त्यांचा त्या भूमीशी असलेला हक्क मान्य केला. नातू म्हणाला, "आज्जा, आपण पाहुणे आहोत, म्हणून खड्डे बुजवायचे." अकरा वर्षांच्या पोराला हे कळतं, याचं मला बरं वाटलं.

चौथी तयारी, हात बसवणं. निघायच्या आधीचा आठवडा घरच्या अंगणात शाळा भरली. पाण्याचा टब, त्यात वाळू, आणि वाळूत शिशाचे दहा बारीक छर्रे. प्लास्टिकच्या उथळ ताटात वाळू घ्यायची, पाण्याखाली धरून गदागदा हलवायची म्हणजे जड ते तळाला बसतं, मग ताट पुढं कलतं करून वरची हलकी वाळू पाण्याबरोबर थोडी थोडी सोडून द्यायची. पुन्हा हलवायचं, पुन्हा सोडायचं. शेवटी काळ्या वाळूची एक रेघ उरते, आणि त्या रेघेत असलंच तर सोनं. यामागचं शास्त्र सोपं आहे. साधी वाळू पाण्याच्या अडीचपट जड, लोहयुक्त काळी वाळू पाचपट, सोनं एकोणीसपट. जड वस्तू मागं राहते.

जावयांनी दहापैकी सात छर्रे राखले. मी पाच. नातवानं सहा. हिनं पहिल्याच खेपेला दहाच्या दहा! भगिनींनो, तुम्हाला कारण कळलं असेल. तांदूळ रोळून खडे मागं ठेवण्यात जिचं आयुष्य गेलं, तिला हे ताट शिकवायला लागत नाही. रोळताना तांदूळ पुढं जातो, खडा मागं राहतो. इथं वाळू पुढं जाते, सोनं मागं राहतं. हात तोच.

आता प्रवास. मेलबर्नहून बॅलरॅट. तिथं सॉव्हरिन हिल नावाचं, जुन्या सोनेगावासारखं उभं केलेलं संग्रहालय आहे. तिथल्या ओढ्यात ताट घेऊन सराव करता येतो. मग मेरीबरो, डनॉली, आणि तिथून मोलियागुल. मोलियागुल म्हणजे आपल्या एखाद्या वाडीएवढं. पण ५ फेब्रुवारी १८६९ ला जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स या दोघांना तिथं झाडाच्या मुळाशी, जमिनीच्या जेमतेम इंचभर खाली, सोन्याचा एक गोळा लागला. सुमारे सत्तर किलोंचा. आपल्या हिशेबानं सहा हजार तोळे! डनॉलीच्या तराजूत तो मावेना, म्हणून ऐरणीवर ठेवून तोडावा लागला. 'वेलकम स्ट्रेंजर' असं त्याचं नाव पडलं. आज त्या जागी दगडी स्तंभ उभा आहे. तिथं उभं राहिलं की कुणाच्याही मनात येतं, आणखी एक असेल का? माझ्याही आलं. पायाच्या बोटांनी मी माती उकरून बघितली, हे कबूल करतो. काकांना काय झालं असेल ते त्या क्षणी मला पहिल्यांदा समजलं.

पहिले दोन दिवस आम्ही शिस्तीत काम केलं. ओढ्याच्या वळणाची आतली बाजू, मोठ्या दगडाची मागची बाजू, खडकातल्या भेगा, झाडाची मुळं, म्हणजे पाण्याचा वेग जिथं कमी होतो तिथं जड वस्तू बसते. ओढा बहुतेक कोरडा होता. म्हणून भेगांतली माती चमच्यानं खरवडून बादलीत भरायची आणि सावलीत येऊन टबात धुवायची. तेच पाणी गाळून पुन्हा वापरायचं. एक धातुशोधक यंत्र भाड्यानं घेतलं होतं. त्याला दोन दिवसांत सापडलं ते सांगतो: नाल, खिळे, बंदुकीच्या गोळीचं शिसं, आणि पेयाच्या डब्याची झाकणं. जुन्या खाणींची उघडी तोंडं झुडपांत लपलेली असतात, म्हणून नातवाला हाताच्या अंतरावर ठेवलं होतं. सापासाठी जाड बूट आणि आवाज करत चालणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला हिच्या ताटात काळ्या रेघेच्या टोकाला एक पिवळा ठिपका थांबला. ताट सावलीत धरलं तरी पिवळाच. अभ्रकाची चमक सावलीत जाते, सोन्याचा रंग राहतो. नातू एवढ्यानं ओरडला की झाडावरचे पक्षी उडाले. दुपारपर्यंत असे चार ठिपके झाले. पिचकारीच्या बाटलीनं ओढून ते काचेच्या कुपीत ठेवले.

त्या संध्याकाळी जावयांच्या यंत्रानं एका उतारावर वेगळाच आवाज दिला. खोल, मऊ. थोडं खणलं तर आवाज वाढला. पण अंधार पडला होता. त्यांनी जागेवर खूण केली आणि म्हणाले, उद्या सकाळी बघू. रात्री जेवताना त्यांचं लक्ष ताटात नव्हतं.

रात्रीच हवामानाचा इशारा आला. उद्या तापमान एक्केचाळीस, वारा जोराचा, वणव्याचा धोका फार मोठा, उघड्यावर आग पेटवायला पूर्ण बंदी. निघण्यापूर्वी घरी बसून आम्ही एक कागद लिहिला होता. त्यावर तीन ओळी होत्या: यापेक्षा जास्त पैसे खर्च करायचे नाहीत. इतक्या वाजता काम थांबवायचं. आणि वणव्याचा एवढा इशारा आला की पहाटे निघायचं, चर्चा नाही. लेकीनं तो कागद काढून टेबलावर ठेवला. जावई म्हणाले, "फक्त एक तास. साडेपाचला जातो, साडेसहाला निघू." नातू रडायलाच लागला. "इतकं लांब आलोय, आता परत कसं जायचं?"

मंडळी, ते वाक्य मी साठ वर्षांपूर्वी आमच्या पडवीत ऐकलं होतं. शब्द जवळजवळ तेच. माझ्या अंगावर काटा आला. मी नातवाला जवळ घेतलं आणि त्याला वडाची, भगताची, भाताच्या शेताची सगळी गोष्ट सांगितली. घरातल्या कुणालाही मी ती कधी पूर्ण सांगितली नव्हती. लेकीलाही नाही. जावईही ऐकत होते. गोष्ट संपल्यावर ते उठले, कंदील घेऊन उतारावर गेले, आणि तो अर्धवट खड्डा बुजवून आले.

पहाटे साडेपाचला आम्ही निघालो. त्या दिवशी तिथं वणवा लागला? नाही. काहीही झालं नाही. थांबलो असतो तर कदाचित सोनंही मिळालं असतं, नाहीतर आणखी एक घोड्याचा नाल. पण ज्या भागात २००९ च्या फेब्रुवारीत एका शनिवारच्या वणव्यांत १७३ माणसं गेली, त्या राज्यात असा इशारा अंगावर काढायचा नसतो. काही झालं नाही म्हणून निर्णय चुकला, असं म्हणता येत नाही.

आता तुमचा प्रश्न. हे आपल्याकडं करता येईल का? भाषणाची बातमी लागल्यावर दोन तरुण मला भेटून गेले. मोबाइलवर बघून त्यांनी ताटंही मागवली आहेत. त्यांना सांगितलं तेच इथं सांगतो.

आपल्या भागाला सोनं नवीन नाही. इथून दीड-दोनशे किलोमीटरवर गदगजवळ कप्पतगुड्ड नावाची डोंगररांग आहे. तिथल्या डंबळ-डोणीकडच्या ओढ्यांत जालगार नावाचे लोक पावसाळ्यानंतर वाळू धुऊन सोनं काढत. रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकानं १८७४ साली या टेकड्यांतल्या सोन्याविषयी लिहून ठेवलं आहे. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं कंपन्यांनी खाणीही काढल्या. त्यातल्या एकीचं नाव होतं 'सांगली माइन'. नाव ऐकून दचकू नका. शिरहट्टीचा मुलूख तेव्हा सांगली संस्थानात होता, जसं आपलं बेळगावचं शहापूर होतं. त्या खाणी थोड्या वर्षांत बंद पडल्या. आणि सोनं धुणारी माणसं आपल्या सराफकट्ट्यांतही होती. सोनाराच्या दुकानातली राख आणि झाडलोट विकत घेऊन, धुऊन, पाऱ्यानं त्यातले कण गोळा करणारे झारेकरी. लहानपणी कोल्हापूरच्या गुजरीत मी त्यांना पाहिलंय. त्यांच्या ताटातली कला आणि ऑस्ट्रेलियातली कला एकच. फक्त त्यांना कुणी हौशी म्हटलं नाही, कारण त्यांची चूल त्यावर पेटत होती.

पण आज आपल्याकडं हौसेनं सोनं शोधायचा परवाना नाही. १९५७ च्या खाण आणि खनिज कायद्यानुसार परवान्याशिवाय शोधकाम किंवा खाणकाम करता येत नाही. कप्पतगुड्ड २०१९ पासून वन्यजीव अभयारण्य आहे. शेतात जुनं धन सापडलं तर ते लपवता येत नाही, १८७८ च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि गुप्तधनासाठी अघोरी पूजा घालणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या आणि कर्नाटकात २०१७ च्या कायद्यानं गुन्हा आहे. माझ्या काकांच्या वेळी हा कायदा नव्हता. असता तर त्या गड्याचा पाय वाचला असता.

मग करायचं काय? उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन दोन दिवस गदगला जा. लक्कुंडीची देवळं बघा, डंबळचं दोड्डबसप्पाचं देऊळ बघा, वनखात्याला विचारून परवानगी असेल तेवढाच कप्पतगुड्ड बघा. ताट नेऊ नका, डोळे न्या. आणि घरी काय करायचं ते या मे महिन्यात मी करून बघितलं. आमच्या अंगणात बांधकामाच्या वाळूचे चार घमेले, पाण्याचा टब आणि दहा छर्रे. गल्लीतली पंधरा पोरं जमली. प्रत्येकाला आधी सांगायला लावलं, किती वेळा प्रयत्न करणार. आकडा ठरला की तो ओलांडायचा नाही. काही रडली. पण थांबली.

ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. परवाना घ्या, पाणी मोजा, खड्डे बुजवा. आणि निघायच्या आधी, डोकं थंड असताना, परत कधी फिरायचं ते कागदावर लिहून ठेवा. तिथं गेल्यावर ते ठरवता येत नाही.

आता किती तोळे? ती कुपी मी येताना आणली. नातवानंच दिली. इथल्या ओळखीच्या सोनाराकडं तोलायला नेली. तुम्हाला जुना हिशेब माहीत आहे, आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. त्यानं चिमट्यानं चारही कण काट्यावर ठेवले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "मास्तर, पाव गुंजसुद्धा नाही." मी म्हटलं, चालेल, परत द्या.

ती कुपी आता आमच्या देवघरात, आजीच्या फोटोशेजारी आहे. तिची बंदी मी मोडली. पण तिला राग आला नसावा, असं मला वाटतं.

गणपती बाप्पा मोरया!